गाडीच्या यंत्रणेत कोण शिरू शकतो?

निपाणीहून बेळगावला जाताना तवंदी घाटात लेन राखणाऱ्या, पुढच्या गाडीशी अंतर सांभाळणाऱ्या यंत्रणेवर भिस्त ठेवायची, तर तिच्या आत कोण शिरू शकतो हे आधी पाहायला हवे. 2015 मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी अमेरिकेत धावती जीप दुरून ताब्यात घेऊन दाखवली. त्यानंतर ती जीप बनवणाऱ्या कंपनीला सुमारे 14 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

लेन आणि अंतर सांभाळणारी अशीच एक यंत्रणा म्हणजे कॉमा कंपनीच्या उपकरणावर चालणारी ओपनपायलट; ती 2016 पासून मुक्तस्रोत आहे. लॅपटॉपवरून तिच्या टर्मिनलमध्ये शिरायला एसएसएच ही दुरून जोडणी करण्याची सुरक्षित पद्धत वापरतात. पासवर्डऐवजी इथे किल्ल्यांची जोडी लागते : खासगी किल्ली लॅपटॉपवरच राहते, सार्वजनिक किल्ली गिटहब या संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यात ठेवायची. उपकरणाच्या सेटिंगमध्ये एसएसएच सुरू करून खात्याचे नाव भरले, की उपकरण ती किल्ली स्वतः उतरवून घेते. खरा धोका इथेच आहे. नावातले एक अक्षर चुकले आणि त्या नावाचे दुसऱ्याचे खाते निघाले, तर गाडीचे दार परक्याला उघडते! नाव दोनदा वाचा, खात्याला दुहेरी पडताळणी लावा. गिटहबवरून किल्ली काढली तरी उपकरणातली प्रत तशीच राहते; ती सेटिंगमधून वेगळी काढावी लागते.

जोडणी घरच्या वायफायवर किंवा स्वतःच्या हॉटस्पॉटवर करा. 22 क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटला उघडे ठेवू नका. आणि हे सगळे गाडी उभी असतानाच. काम संपले की एसएसएच बंद.