रेल्वेतून पडून झालेली इजा व नुकसानभरपाईचा हक्क : वसई-विरार परिसराच्या संदर्भात

विरारहून मुंबईकडे जाणारी पहिली उपनगरी गाडी १८६७ साली धावली. आज नायगाव, वसई रोड, नालासोपारा व विरार या स्थानकांतून उपजीविकेसाठी मुंबई गाठणाऱ्यांना गर्दीमुळे पुष्कळदा दारात उभे राहूनच प्रवास करावा लागतो. अशा प्रवाशाचा तोल जाऊन त्याचा हात वा पाय गेला, तर त्या हानीचा भार कोणी सोसावयाचा, हा प्रश्न या परिसरात केवळ तात्त्विक राहत नाही.

ज्याच्या हयगयीमुळे इजा झाली त्याने भरपाई द्यावी व ती हयगय वादीने सिद्ध करावी, हा दिवाणी कायद्याचा सर्वसामान्य दंडक होय. १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाची उभारणीही याच तत्त्वावर झाली आहे. या कसोटीने पाहता दारात उभा राहिलेला प्रवासीच दोषी ठरण्याचा संभव अधिक. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात १९९४ साली समाविष्ट झालेल्या कलम १२४-अ ने ही कसोटीच बाजूस सारली. प्रवासी गाडीतून अपघाताने पडणे ही 'अनुचित घटना' मानली गेली आणि रेल्वेचा दोष असो वा नसो, भरपाईचे दायित्व रेल्वे प्रशासनावर आले. आत्महत्या वा तिचा प्रयत्न, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेत वा वेडाच्या भरात केलेले कृत्य आणि नैसर्गिक कारण वा रोग, एवढेच काय ते अपवाद.

या अपवादांच्या मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केल्या आहेत. गाडीत चढताना पडणे हीदेखील अनुचित घटना होय, असे २००८ च्या प्रभाकरन विजयकुमार प्रकरणात ठरले. स्वतः करून घेतलेल्या इजेस हेतू लागतो, निव्वळ हयगय पुरेशी नाही, असा निर्णय २०१८ च्या रिना देवी प्रकरणात झाला. जखमीजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हेही त्याच प्रकरणात सांगितले गेले. संबंधित तथ्यांचे प्रतिज्ञापत्र दाखल झाल्यावर सिद्धतेचा भार रेल्वेवर जातो. याउलट, रूळ ओलांडताना गाडीखाली सापडलेल्यास या कलमाचा लाभ मिळत नाही.

१ जानेवारी २०१७ पासून मृत्यू किंवा दोन्ही हात गमावणे यांसारख्या हानीसाठी भरपाई ८ लाख रुपये आहे. इतर इजांचे प्रमाण नियमांच्या अनुसूचीत दिलेले आहे. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे करावयाचा असून त्याचे एक पीठ मुंबईत आहे. मुदत घटनेपासून एक वर्षाची. सबळ कारण दाखविल्यास विलंब क्षमापित होऊ शकतो.

तात्पर्य, कायद्याने जखमीच्या माथ्यावरील दोषसिद्धीचे ओझे उतरविले, पुराव्याचे मात्र पूर्णपणे उतरविलेले नाही. 'गाडीतून पडला' की 'रूळ ओलांडताना सापडला', या स्टेशनमास्तरांच्या नोंदीतील व पोलीस पंचनाम्यातील दोन-तीन शब्दांवर सारा हक्क अवलंबून राहतो. म्हणून त्या नोंदींच्या प्रती, पास वा तिकीट आणि रुग्णालयाचे कागद कुटुंबीयांनी आरंभीच जपून ठेवणे अगत्याचे ठरते.