एड्सची लस अजून का नाही?

गेल्या आठवड्यात रक्तदाब तपासून घेताना एका निवृत्त गुरुजींनी विचारले, "डॉक्टर, लसीने देवी पार गेली. १९७५ नंतर देशात एक रुग्ण नाही. मग एड्सची लस का निघत नाही?" प्रश्न रास्त आहे.

रोगजंतू शरीरात शिरला की पांढऱ्या पेशी त्याला ओळखतात, त्याच्या मापाच्या अँटीबॉडी म्हणजे प्रतिपिंडे तयार करतात आणि ती ओळख ध्यानात ठेवतात. लस म्हणजे ही ओळख आधीच करून देणे. देवीच्या विषाणूचे रूप फारसे बदलत नसे. एच.आय.व्ही.चे तसे नाही.

प्रतिकारशक्तीची सूत्रे ज्या 'सीडी-फोर' पेशींच्या हाती असतात, नेमका त्यांच्यातच हा विषाणू शिरतो आणि आपल्या जनुकीय मजकुराची नक्कल करू लागतो. मजकूर मोठा नाही, साडेनऊ हजार अक्षरांच्या आसपास. पण नक्कल उतरवणारे त्याचे एन्झाइम धांदरट. लिहिलेले पुन्हा तपासण्याची सोय त्याच्याकडे नाही, त्यामुळे चुका राहतात. उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या अंगात रोज एक हजार कोटींच्या घरात नवे विषाणू तयार होऊ शकतात. बहुतेक चुका विषाणूलाच नडतात. पण एखाद्या चुकीने बाहेरचे आवरण असे बदलते की कालची प्रतिपिंडे त्यावर बसतच नाहीत. तो वाचतो आणि त्याचीच वंशावळ वाढते. शरीर काही महिन्यांत नवी प्रतिपिंडे बनवते, तोवर विषाणू पुढच्या रूपात गेलेला असतो. शिवाय या आवरणावर साखरेच्या रेणूंचे दाट वेष्टन असते (साखरपट्ट्यातल्या आपल्याला याची गंमत वाटेल!). ही साखर शरीराच्या स्वतःच्याच पेशींनी चढवलेली, त्यामुळे ती परकी वाटत नाही.

लोक म्हणतात, विषाणू हुशार आहे. मला ते पटत नाही. चुका आंधळेपणानेच होतात, निवड आपल्या प्रतिकारशक्तीकडून होते. द्राक्ष बागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. डाऊनीवर वर्षानुवर्षे एकच औषध फवारले की त्याला न जुमानणारी बुरशी तेवढी मागे उरते.

एकाच रुग्णात इतकी रूपे, तर देशोदेशींच्या रुग्णांत किती! आपल्याकडे बहुतांशी 'सी' प्रकार आढळतो. त्यावर बेतलेल्या लसीची देशातील पहिली मानवी चाचणी २००५ साली पुण्यात, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने सुरू केली. लस सुरक्षित ठरली, पण प्रतिकारशक्ती पुरेशी जागी झाली नाही. जगात इतरत्रही आजवर खात्रीची लस हाती आलेली नाही.

औषधांचे मात्र तसे नाही. १९८७ साली पहिले औषध आले, पण ते एकटेच दिले की विषाणू काही काळाने त्याला दाद देईनासा होई. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देणे सुरू झाले. तिन्हींना एकदम चुकवणाऱ्या चुका एकाच विषाणूत जमून येणे फार अवघड. आपल्याकडे सरकारी केंद्रांतून ही औषधे एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

माझ्याकडे येणारा एक तरुण ऊसतोडीला गेला आणि त्याने गोळ्या सोडल्या. एका खोपीत दहा माणसे, डबी कुणासमोर उघडायची? "बरं वाटत होतं, सायेब," म्हणाला. विषाणू काही पेशींत निपचित दडून असतो. गोळ्या थांबल्या की तो उठतो, नकला सुरू होतात आणि चुकाही. गोळ्या अधूनमधून घेतल्या तर आणखी वाईट, कारण अर्धवट औषधात टिकणारे विषाणूच मग माजतात. बाहेरगावी जायचे असल्यास केंद्रात आधी सांगावे. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा तिकडच्या केंद्राची सोय होऊ शकते.

आता त्याने गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. डबीवरचा कागद बायकोने काढून टाकला आहे. रक्तातील विषाणूंची मोजणी आषाढीनंतर आहे.