डीपी आणि चार्जर : दोन ट्रान्सफॉर्मर, दोन स्वभाव

नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यात, विदर्भाच्या इतर ग्रामीण भागांप्रमाणेच, ११,००० व्होल्टचा दाब ४३३ व्होल्टवर उतरवून पंपांना व घरांना वीज पुरवणारा तेलाचा ट्रान्सफॉर्मर ‘डीपी’ म्हणून ओळखला जातो. त्याच विजेवर चालणाऱ्या मोबाइलच्या चार्जरमध्येही एक ट्रान्सफॉर्मर असतो. मात्र तो बोटाच्या पेराएवढा असतो आणि त्याचे वर्तन डीपीहून पुष्कळच निराळे असते.

डीपीला सेकंदाला ५० आवर्तने करणारा प्रवाह आयताच मिळतो. चार्जरमध्ये मात्र २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब आधी डायोडांच्या साहाय्याने सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश दाबात बदलला जातो आणि मग मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच तो दाब सेकंदाला लाखाच्या घरात जोडतो व तोडतो. गुंडाळीवर दाब जितका वेळ टिकेल तितके गाभ्यातील चुंबकत्व वाढत जाते. हा काळ काही मायक्रोसेकंदांचाच असल्याने थोडे वेढे आणि चिमुकला गाभा पुरतो. पोलादी पत्र्यांचा गाभा या वेगाला भोवरी प्रवाहांमुळे, म्हणजे धातूत आपोआप उद्भवणाऱ्या वर्तुळाकार प्रवाहांमुळे, तापून निकामी ठरेल. म्हणून विजेला मोठा विरोध करणारे फेराइट वापरतात. त्याची चुंबकत्व सामावण्याची मर्यादा पोलादाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच असते, पण वाढलेली वारंवारता ही उणीव सहज भरून काढते.

ही मर्यादा ओलांडली की गाभा संपृक्त होतो, गुंडाळीचा विरोध ढासळतो आणि प्रवाह एकाएकी उसळून स्विच जळतो. त्यामुळे प्रत्येक आवर्तनात गाभ्यावर चढलेले चुंबकत्व त्याच आवर्तनात उतरवावे लागते, आणि अभियंत्याचे खरे कसब येथेच लागते. चार्जरमध्ये रूढ असलेल्या ‘फ्लायबॅक’ रचनेत तर स्विच चालू असताना दुय्यम गुंडाळीतून काहीच वाहत नाही. ऊर्जा गाभ्यात मुद्दाम ठेवलेल्या बारीक फटीत साठते आणि स्विच बंद होताच दुसऱ्या बाजूला सोडली जाते. डीपीत दोन्ही गुंडाळ्या एकाच वेळी काम करतात, तशी साठवण तेथे अभिप्रेतच नसते. चार्जरमध्ये दोन्ही गुंडाळ्यांना न जोडणारे थोडे चुंबकत्व मात्र स्विच बंद होताच दाबाचा तीक्ष्ण झटका देते, आणि तो शोषण्यासाठी स्वतंत्र जोडणी करावी लागते.

सिंचनाच्या हंगामात पंप एकदम चालू झाले की लांब वाहिनीच्या टोकाला दाब उतरतो व दिवे मंदावतात; चार्जर मात्र स्विच चालू ठेवण्याचा काळ वाढवून ही तूट भरतो, म्हणूनच त्यावर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. हाती येणारे ५ व्होल्ट आणि आतले ३२५ व्होल्ट यांना अलग ठेवण्याची मुख्य भिस्त याच लहान ट्रान्सफॉर्मरच्या आवरणावर असते आणि स्वस्त नकली मालात काटकसर नेमकी तेथेच होऊ शकते. तेव्हा भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह पाहूनच चार्जर विकत घ्यावा.