बुळकांडीचा विषाणु व शेळी

ज्या बुळकांडीनें एके काळीं गोठेच्या गोठे ओस पाडले, तिच्याच विषाणूपासून तिजवरील लस निपजली, हें आमच्या वाचकांस नवल वाटेल. कुमाऊंच्या डोंगरांतील मुक्तेश्वर येथील सरकारी पशुवैद्यक संशोधनसंस्थेंत १९२० नंतरच्या दशकांत जे. टी. एडवर्ड्स यांनीं हा गुरांचा विषाणु शेळीस टोचला, व एका शेळींतून दुसरींत असा तो वारंवार पुढें चालविला. शेळीस रुळलेला हा विषाणु गुरांत सौम्य ठरला. देशी गुरांस बहुधा थोडा ताप येऊन तीं बचावत व पुढें रोगास दाद देत नसत. विदेशी संकरित गुरांस मात्र ही लस कधीं कधीं जड जाई.

असें कां व्हावें? विषाणूच्या प्रती निघतांना त्याच्या आनुवंशिक रचनेंत चुका होतात. त्यांपैकीं बहुतेक निरुपयोगी; परंतु नव्या शरीरांत ज्या प्रती अधिक वाढतात, त्यांचीच प्रजा टिकते. आपण निवडक कणसांचें बीं राखतों, तद्वतच हें होय.

पुढें याहून निर्धोक लसी निघाल्या, व २०११ सालीं बुळकांडी जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. परंतु विषाणु नेहमीं सौम्यच होतो असें नव्हे. पक्ष्यांतील एच५एन१ इन्फ्लुएन्झा २०२४ सालीं अमेरिकेंतील दुभत्या गाईंत आढळला. प्रत्येक नवें जनावर म्हणजे विषाणूस नवी संधि. म्हणून कोंबड्या व डुकरें एकत्र कोंडूं नयेत, आणि अनेक जनावरें एकदम आजारी पडल्यास विलंब न लावतां पशुवैद्यास कळवावें, अशी शेतकरी बंधूंस आमची आग्रहाची विनंती आहे.