नाव वेटिंगवर असताना घराने काय करावं

बारावीचा निकाल लागला की पुढचे काही महिने आपल्या वस्त्यांमध्ये एकच विषय असतो, कुणाचं कुठे लागलं? ज्याचं लागलं त्याच्या घरी पेढे येतात. ज्याचं नाहीच लागलं तो चार दिवस रडतो आणि दुसरीकडे फॉर्म भरून मोकळा होतो. मधली मुलं मात्र अधांतरी राहतात. नावाजलेल्या कॉलेजात नाव वेटिंगवर असतं, किंवा मेडिकल-नर्सिंगच्या पहिल्या फेरीत थोडक्यात हुकलेलं असतं आणि पुढच्या फेरीकडे डोळे लागलेले असतात. जून ते सप्टेंबर ‘पोरगी झोपत नाही’, ‘पोराला अन्न जात नाही’ म्हणून ज्या आया आमच्याकडे येतात, त्यांत या मधल्या मुलांच्या आया बऱ्याच असतात. म्हणून या वेळचं पान त्यांच्यासाठी.

आधी यादीचं समजून घेऊ. ‘वेटिंग म्हणजे नापासच की’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ते चूक आहे. जास्त गुणांची मुलं चार-पाच ठिकाणी अर्ज करतात, नाव सगळीकडे लागतं, पण बसतात एकाच बाकावर. बाकीच्या जागा सुटतात. सरकारी मेडिकल कॉलेजांत 15 टक्के जागा देशपातळीवरच्या कोट्यातून आणि 85 टक्के राज्याच्या फेऱ्यांतून भरतात. वरची मुलं तिकडे गेली की इकडे जागा होते. ती मेडिकलला गेली की बी.एस्सी., फार्मसी, नर्सिंगमध्ये जागा होते. यादी हलते ती अशी, एकामागून एक. शिवाय प्रत्येक प्रवर्गाची यादी वेगळी हलते. राज्यात अनुसूचित जातींसाठी 13 टक्के जागा आहेत. तेव्हा खुल्या यादीतल्या मैत्रिणीचा नंबर चाळीसवरून बारावर आला, मग माझा का नाही, ही तुलना करण्यात अर्थ नाही. आणखी एक गोष्ट फॉर्म भरतानाच बघावी. अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांवर घटनेच्या कलम 15(5) नुसार आरक्षणाची सक्ती नाही. तिथे आपल्यासाठी वेगळी यादी असेलच असं धरून चालू नये.

पण नंबर कुठपर्यंत येईल हे कुणीच सांगू शकत नाही, आणि खरा त्रास त्याचाच होतो. नकार कितीही कडू असला तरी मन तो हळूहळू पचवतं. ‘कदाचित’ पचत नाही. संकट समोर आलं की शरीर पळायच्या तयारीत येतं. ठोके वाढतात, पोटात गोळा येतो, झोप पातळ होते. संकट टळलं की शरीर शांत होतं. वेटिंगमध्ये ते टळतही नाही आणि येतही नाही, म्हणून शरीर आठवडेच्या आठवडे त्याच तयारीत राहतं. डोकं दुखणं, आंबट ढेकर, सारखं संडासला लागणं, बारीकसारीक बोलण्यावर चिडणं हे सगळं त्यातून होतं. पोरगं नाटक करत नाही आणि कुणाची नजरही लागलेली नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही अशा दिवसांत मुलाच्या मनगटाला गुपचूप बांधलेला दोरा आम्हाला दिसतो. आम्ही भांडत बसत नाही. आधी विचारतो, रात्री किती वाजता झोपलास?

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट उघड बोलायला हवी. ताण, जागरण आणि जेवण सुटणं यामुळे पाळी पुढे जाऊ शकते. दहा-बारा दिवस पुढे गेली की काही घरांत कुजबुज सुरू होते, पोरीचा फोन तपासला जातो. आधीच कोलमडलेल्या मुलीवर हा दुसरा घाव असतो. तिच्याशी शांतपणे, एकटीशी बोला. जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, आणि त्याच फेरीत हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असेल तरी धाप लागते, छाती धडधडते, आणि आपल्या मुलींमध्ये ते बरेचदा कमीच निघतं. सगळंच टेन्शनवर ढकलू नये.

आता मोबाइल. यादी कधी लागणार याची तारीख वेळापत्रकात दिलेली असते, तरी मुलं रात्री दोन वाजता उशाखालचा फोन काढून पान उघडतात. प्रत्येक वेळी शरीर पुन्हा पळायच्या तयारीत. आम्ही सांगतो, दिवसातून दोनदा बघायचं, सकाळी जेवणाआधी आणि संध्याकाळी. रात्री फोन आईच्या ट्रंकेवर. ज्या दिवशी फेरीची यादी लागणार त्या दिवशी कुणीतरी मोठं माणूस सोबत बसून बघेल, एकट्याने नाही. मैत्रिणींच्या ग्रुपवरचे स्क्रीनशॉट काही दिवस बंद. चहा दोन कपांवर आणा. मेडिकलमधून झोपेची गोळी आणू नका, आजीच्या डब्यातली तर मुळीच देऊ नका. एका खोलीत सहा माणसं आणि टीव्ही असेल तर ‘शांत झोपा’ म्हणणं सोपं नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण दहा वाजता टीव्ही बंद करणं घराच्या हातात आहे.

हाताला काम असेल तर वाट बघणं सोसतं, आणि काम भरपूर आहे. जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल यांची फाइल आजच लावा. नॉन-क्रीमीलेयर आपल्याला लागत नाही, उगाच त्यासाठी चकरा मारू नका. नंबर लागला आणि वैधता प्रमाणपत्र नाही म्हणून जागा हातची जाते, हे दुःख वेटिंगपेक्षा मोठं आहे. दुसऱ्या कॉलेजात मिळत असलेली जागा घेऊन ठेवावी. मात्र ती घेतल्याने पहिल्या यादीतला हक्क जातो का, हे त्या-त्या प्रक्रियेच्या माहितीपत्रकात वाचा, नाहीतर मदत केंद्रावर विचारा. प्रत्येकाचा नियम वेगळा आहे, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका. मूळ कागदपत्रं कॉलेजने अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीने 2018 मध्येच बजावलं आहे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे, समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

घरातल्या बोलण्याबद्दल. ‘बाबासाहेब दिव्याखाली शिकले, तुला पंख्याखाली जमत नाही?’ हे वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकलं आहे. बाबासाहेबांची अशी काठी करू नका. त्यांच्या वाट्यालाही अधांतरी वर्षं आली होती. ती वेटिंग लिस्ट नव्हती, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्धं टाकून त्यांना परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा तेवढी हातात होती. पैसे कुठून येणार, जाता येईल की नाही, काही ठरलेलं नव्हतं. त्या काळात त्यांनी सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, 1920 मध्ये ‘मूकनायक’ काढलं, आणि त्याच वर्षी लंडनला परत गेले. स्वतःची बचत होती, शाहू महाराजांची मदत होती, नवल भथेना या मित्राने दिलेले पैसे होते. मुलांना हे पुरं सांगा. एवढा मोठा माणूससुद्धा ती वर्षं एकट्याच्या बळावर पार पडला नाही.

‘कोट्यातूनही लागलं नाही का?’ हा टोमणा बाहेरचे मारतात. मूल तो घरी सांगत नाही, गिळतं. म्हणून अधूनमधून आपणच विचारावं, कुणी काही बोललं का?

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. मूल ‘मी तुमच्यावर ओझं आहे’, ‘सगळं संपवून टाकतो’ असं बोलू लागलं, आवडीच्या वस्तू वाटू लागलं, अंघोळ-जेवण सोडून भिंतीकडे तोंड करून पडू लागलं, किंवा बरेच दिवस तळमळून अचानक फारच शांत झालं, तर यादीची वाट बघू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल मोकळं होतं. एकटं सोडू नका. उंदराचं औषध, फिनेल, गोळ्यांचे डबे घराबाहेर किंवा कुलपात. टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. आणि मुलाने काही करून घेतलंच तर 108 ला फोन करा, पोलिसांच्या भीतीने घरी झाकून ठेवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 115 नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, तिच्यावर त्यासाठी खटला चालवत नाहीत.

राहिला विहार. प्रवेशाच्या फेऱ्या आणि वर्षावास एकाच काळात येतात. संध्याकाळी ग्रंथवाचनाला मुलांना सोबत न्या, दहा मिनिटं आनापान करू द्या. काही मुलांचे डोळे मिटल्यावर विचार वाढतात. त्यांना बसवू नका, चटया घालायला, चालायला, लहानांचा गृहपाठ घ्यायला लावा. आणि याच दिवसांत गुणवंतांचा सत्कार असतो. माइकवर नावं पुकारली जातात, ट्रॉफी मिळते, वेटिंगवरची पोरगी घरात दिवा घालवून बसते. काही विहार समित्यांशी आम्ही बोललो आहोत. सत्कार टक्क्यांवर न ठेवता बारावी झालेल्या प्रत्येक मुलाला बोलवावं, कॉलेजचं नाव पुकारू नये. दोन समित्यांनी मान्य केलं. एका ठिकाणी अजून वाद चालू आहे, ट्रॉफ्या आधीच छापून आल्यात म्हणे.