बाबांचा रविवार

गेल्या नोव्हेंबरमध्ये एक सात वर्षांची मुलगी आजीसमवेत माझ्या दवाखान्यात आली. सकाळी डोके दुखते, वर्गात पेंग येते, अशी तक्रार होती. तपासणीत दोष आढळला नाही; दृष्टीही उत्तम. रात्री किती वाजता झोपतेस, असे विचारताच तिने उलट प्रश्न केला, "डॉक्टरकाका, बाबांचे नऊ वाजले की आपले साडेनऊ वाजायचे. आता साडेदहा का वाजतात?"

तिचे वडील नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात असतात आणि तेथील सकाळी नऊला फोन करतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे नेतात, मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे. आपली घड्याळे मात्र हलत नाहीत. त्यामुळे साडेबारा तासांचे अंतर साडेतेरा होते. वडिलांनी आपली वेळ चुकवली नव्हती, पण मुलीची तासाभराची झोप गेली होती. या वयात 9 ते 12 तास झोप हवी. रात्री अकराला झोपून सहाला उठणाऱ्या या मुलीला जेमतेम 7 मिळत होती. "बाप एवढ्या लांबून बोलतो, तिला झोपवू कशी?" आजी म्हणाल्या. त्यावर माझ्यापाशी औषध नव्हते.

"पण त्यात 'साडे' कशाला?" मुलीने विचारले. मी खोलीतील दिवा मालवला, खेळण्यांतला चेंडू उचलला आणि घसा तपासण्याचा टॉर्च त्यावर धरला. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते. तासाला 15 अंश, म्हणजे एका अंशाला 4 मिनिटे. भारताने आपली वेळ 82½ अंश पूर्व रेखांशाची धरली. ही रेषा मिर्झापूरजवळून जाते आणि हिशेब साडेपाच तासांचा येतो. ही प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासूनची. हैदराबाद त्या रेषेच्या सुमारे 4 अंश पश्चिमेला असल्याने येथे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी 12 वाजून 16 मिनिटांनी.

"म्हणूनच संकष्टीला चंद्र आधी दिसतो होय?" आजींनी मध्येच विचारले. त्यांच्या घरी मुंबईच्या चंद्रोदयाची वेळ पाहून उपास सोडण्याची रीत. हैदराबाद मुंबईच्या साडेपाच अंश पूर्वेला, तेव्हा चंद्र येथे वीस-बावीस मिनिटे आधी उगवायचाच. इतक्या वर्षांच्या त्या मिनिटांची बेरीज आजींनी मनाशी केली असावी, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

मुंबईनेही आपली वेळ सहजासहजी सोडली नव्हती. कलकत्त्याची स्वतंत्र वेळ 1948 मध्ये संपली. मुंबईची, प्रमाणवेळेहून 39 मिनिटे मागे असलेली वेळ 1955 पर्यंत टिकली. माझे वडील गिरगावात वाढले. 'मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम?' हा प्रश्न त्यांनी लहानपणी पुष्कळ ऐकला होता.

मी तोडगा सुचवला : फोन सकाळी पावणेसातला घ्यावा. तेव्हा तेथे आदल्या दिवसाची सायंकाळ, सव्वापाच. वडिलांना कचेरीतून बाहेर येऊन बोलावे लागणार होते. मुलगी मात्र गंभीर झाली. "सोमवारी बोलले तर त्यांचा रविवारच असणार ना? मग मी शाळेत जाताना पडले, तर ते बाबांना उद्या कळणार?"

आता कळले की ती रात्री जागी का राहत होती. आपले आणि बाबांचे दिवस एकमेकांपासून सुटतील, ही धास्ती होती. मी चेंडूवर पेनाने दोन ठिपके काढले, एक उजेडात, एक अंधारात, आणि चेंडू टेबलावर आपटला. "कोणता ठिपका आधी आपटला?" ती म्हणाली, "दोन्ही." मग तिने स्वतः दोनदा चेंडू आपटून पाहिला.

वडिलांनी सकाळची वेळ मान्य केली. डिसेंबरात ती सर्दीसाठी आली तेव्हा डोकेदुखी थांबली होती. रविवारचा सोमवार होतो कुठे, हे तिला हवे होते. मी प्रशांत महासागरातील वाररेषा दाखवली आणि सामोआ या बेटांच्या देशाने 2011 मध्ये त्या रेषेची बाजू बदलली तेव्हा तेथे 30 डिसेंबर उगवलाच नाही, हेही सांगितले.

"मग त्या दिवशी ज्यांचा वाढदिवस होता, त्यांनी काय केले?"

मी खोकल्याचे औषध लिहू लागलो.