वऱ्हाडाची पिशवी

लग्न गावाकडे होई तेव्हा वऱ्हाडाला जानवसा मिळे. मुलीकडची माणसं एखाद्या नातेवाइकाचं मोठं घर, नाहीतर शाळेच्या खोल्या झाडूनपुसून तयार ठेवत. एसटीतून अंग आंबून उतरलेल्या माणसाच्या हातात आधी गूळपाणी पडे, मग चहा. खोलीच्या कोपऱ्यात एका ताटात साबण, खोबरेल तेल, आरसा-फणी, दंतमंजन, पावडरचा डबा, शेजारी पानसुपारीचं तबक. घर मागे ठेवून आलेल्या पाहुण्याला काही मागायची वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी ते ताट असे. परतताना लाडू-चिवडा आणि दशम्यांची शिदोरी. इव्हेंटवाले आज ज्याला ‘वेलकम हॅम्पर’ म्हणतात, त्याचं मूळ मला या ताटात दिसतं.

मुंबईत ते ताट हरवलं. वांद्रे पूर्वेच्या आमच्या वसाहतीतली लग्नं हॉलमध्ये होऊ लागली. हॉल ठरावीक तासांचा. पाहुणे ठाणे-डोंबिवलीहून लोकलने यायचे, जेवून लोकलनेच परतायचे. मुक्कामच नाही, तर साबण-तेल कुणासाठी ठेवणार? अत्तर-गुलाबपाणी, पेढा आणि बायकांना हळदीकुंकू, एवढ्यावर स्वागत आटोपायचं. स्टेशनच्या पलीकडे, पश्चिमेच्या रनवार आणि चिंबईसारख्या गावठाणांत मात्र घरच्या मांडवातलं लग्न टिकून होतं. तिथल्या ईस्ट इंडियन मंडळींनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवात, हे नाव घेतलं, पण घरातली बोली मराठीच. त्यांच्याकडे लग्नाच्या आधी वाजतगाजत विहिरीवरून ‘उंबराचं पाणी’ आणतात. वसई-उत्तनचे नातेवाईक आले की शेजारच्या घरांतही गाद्या पडायच्या.

लक्ष्मण देशपांड्यांनी 1979 पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे नाटक एकट्याने रंगवलं, तेव्हा अख्खं वऱ्हाड विमानात बसवणं ही कल्पनाच प्रेक्षकाला पोट धरून हसवायला पुरत असे. पुढे अमेरिकेत स्थायिक झालेली आमच्या वसाहतीतली मुलं पंधरा दिवसांच्या रजेत लग्न उरकायला येऊ लागली, मग लग्नं गोव्याला, अलिबागला, कर्जतला गेली. पाहुणा पुन्हा मुक्कामाला येऊ लागला, आणि ते ताट पिशवीत शिरून परत आलं.

सुरुवातीच्या पिशव्या चकचकीत असत आणि आत फारसं कामाचं काही नसे. सुगंधी मेणबत्ती, नवरा-नवरीच्या नावाचा मग, चॉकलेटं. रात्री अकराला गोव्यात उतरलेल्या मावशीला त्यातलं काय उपयोगी पडणार? तिला पाणी हवं, पोटात घालायला काही हवं, सकाळी हळद किती वाजता आणि कुठे ते कळायला हवं. हळूहळू आम्ही शिकलो. पाण्याची बाटली, ओआरएस, डोकेदुखी-पित्ताच्या गोळ्या, पट्टी, डासांचं मलम, सेफ्टी पिनांचं पाकीट. कार्यक्रमाचा कागद मोठ्या अक्षरांत, आणि त्यावर फोन नंबर नवऱ्यामुलाचा नाही, तर त्या दिवशी खरोखर फोन उचलू शकेल अशा चुलतभावाचा. खाण्यात बाकरवडी, शेंगदाण्याची चिक्की, आवळासुपारी. चिवडा आदल्या रात्रीच भरायचा आणि पाकीट लगेच सील करायचं, नाहीतर समुद्रकाठच्या हवेत तो सादळतो. विमानाने जायचं असेल तर सुकं खोबरं सामानातून काढायचं, तेलकट असल्याने ते चालत नाही. ओटीचे नारळ तिथेच घ्यायचे.

पिशवी कशाची, हा प्रश्न सरकारनेच सोडवला. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंधन आलं आणि 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने तर हॉलवाल्यांच्या आवडत्या, कापडासारख्या दिसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्याही बाद झाल्या. तेव्हा वसाहतीतल्या बायकांनी जाड सुती कापड घेतलं आणि खाडीपलीकडच्या धारावीत शिवून आणलं. माझ्या मते या सगळ्या काळातला हा सर्वांत चांगला बदल. नाव छापायला मी तेव्हापासून विरोध करते. नाव-तारीख छापलेली पिशवी लोक कपाटात ठेवतात. कोरी पिशवी भाजीला नेतात.

करोनात सगळं उलटं झालं. 2020 मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती. एप्रिल 2021 मध्ये ती पंचवीसवर आली, आणि 22 एप्रिलपासून लग्न दोन तासांत आटपायचं, मोडल्यास पन्नास हजारांचा दंड. पाहुणे येऊ शकत नव्हते म्हणून पिशवीच त्यांच्याकडे गेली. अक्षता, लाडू, मास्क, सॅनिटायझर आणि लग्न मोबाइलवर बघायची लिंक असलेली चिठ्ठी. एकटी राहणारी म्हातारी माणसं कुरियरच्या मुलाला दारात थांबवून लग्नघरात कोण कोण आहे, नवरी कशी दिसते ते विचारत. त्या मुलाला काय ठाऊक! पण विचारणारं माणूस किती दिवसांनी कुणाशी बोलत होतं, हे त्यावरून कळायचं. त्या वर्षी आम्ही चिठ्ठ्या हाताने लिहिल्या, आणि अजूनही हातानेच लिहितो.

15 मार्च 2020 ला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली होती. टाळेबंदी सरल्यावर अलिबागच्या लग्नांना तिचा फार उपयोग झाला. पिशव्या गाडीत भरायच्या, गाडी बोटीत चढवायची. एरवी पेण-वडखळच्या रस्त्याने कोकमाच्या बाटल्या आपटून फुटायच्या. आता बाटलीभर कोकम आगळ बिनधास्त देता येतं.

एक काम मात्र अजून नीट जमलेलं नाही. सगळ्यांना एकसारखी पिशवी दिली की मधुमेह असलेल्या काकांच्या हाती चिक्की येते आणि संकष्टीचा उपास असलेल्या आत्याच्या हाती बाकरवडी. यंदा डिसेंबरच्या लग्नासाठी निमंत्रणाच्या वेळीच प्रत्येक घराला पथ्य विचारून यादी केली आहे. ज्यांना गोड चालत नाही त्यांच्या पिशवीच्या बंदाला हिरवा दोरा, उपासवाल्यांना पांढरा. खोल्या वाटणाऱ्या पोरांना ती यादी आधीच पाठवून ठेवली आहे.